मुकुट आणि हिरडी : जुन्नर-आंबेगावच्या दातांचा इतिहास



ज्यांचा सारा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला त्या आम्ही दातांवर आणि हिरड्यांवर काय बोलायचं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आलाच असेल. त्यातून आमच्या स्वतःच्या तोंडात तीन कॅप आहेत, म्हणजे अनुभव आहे, एवढंच फार तर म्हणता येईल. पण दात हा इतिहासाचा मोठा विश्वासू कारकून आहे. हाड आयुष्यभर झिजतं, भरतं, बदलतं. दाताच्या वरचं कवच एकदा तयार झालं की पुन्हा घडत नाही. लहानपणी पडलेला दुष्काळ, मोठेपणी खाल्लेलं धान्य, तोंडात धरलेली तंबाखू, सगळ्याची नोंद तिथे राहते. राजाच्या भाटानं खोटं लिहिलं असेल, दाढ खोटं लिहीत नाही.

आधी शब्द नीट लावून घेऊ. दातांचे डॉक्टर ज्याला क्राऊन म्हणतात त्याला आपण कॅप म्हणतो. क्राऊन म्हणजे मुकुट. गंमत अशी की शास्त्राच्या भाषेत नैसर्गिक दाताच्याही हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागाला मुकुटच म्हणतात, आणि आत हाडात रुतलेला भाग म्हणजे मूळ. या दोघांच्या सीमेवर पहारा देते ती हिरडी. मुकुट, मूळ आणि पहारेकरी, एवढी तीन पात्रं आज आपल्यापुढे आहेत.

आता आपल्या तालुक्यात मुकुटांची वाण नाही. नाणेघाटात चला. सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख तिथल्या लेण्यात आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती कार्षापण दक्षिणा वाटली, याचे आकडेसुद्धा त्यात कोरलेत. त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी अशा राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आज तिथे वर नावं उरलीत आणि खाली पावलांच्या खुणा. मधलं सगळं गेलं, मुकुटांसकट. राज्यकर्त्यांचा इतिहास आपण शिकतो तो बहुतेक मुकुटांचा असतो. टिकतं मात्र ते, जे तळाशी घट्ट धरलेलं असतं. ही गोष्ट मनात ठेवा, दातांकडे आल्यावर तिचा उपयोग होईल.

नाणेघाटाच्याही मागे जाऊ. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली घोडनदी घोडेगावावरून वाहत पुढे शिरूर तालुक्यात जाते. तिथे तिच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून पुढे सुमारे पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातलं, जोर्वे संस्कृतीचं गाव सापडलं. जवापासून शिकारीपर्यंत सगळं खाणारी माणसं. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरायची. या सांगाड्यांचा अभ्यास डॉ. वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाक्स यांनी केला, आणि त्यातला मोठा भाग दातांचा आहे. मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर बारीक खळगे दिसले. ते पोटात असताना किंवा जन्मानंतर लगेच झालेल्या कुपोषणाची, आजाराची खूण मानले जातात. विचार करा, तीन हजार वर्षांपूर्वी घोडनदीकाठच्या एका आईला पुरेसं खायला मिळालं नाही. तिचं नाव कुणी कुठे कोरलं नाही. पण तिच्या बाळाच्या दातावर ती नोंद राहिली, आणि आपल्याला आज वाचता आली. नागनिकेच्या लेखाइतकाच हाही लेख आहे, असं आम्ही मानतो.

आता लेण्याद्रीला या. जुन्नरच्या भोवती जेवढी बौद्ध लेणी एका ठिकाणी आहेत तेवढी भारतात क्वचितच कुठे असतील. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी मिळून दीडशेच्या वर. या लेण्यांतले भिक्खू सकाळी उठून पहिलं काय करत असतील? विनयपिटकात याचं उत्तर आहे. बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरायची परवानगी दिली, त्याचे फायदेही सांगितले : तोंडाला घाण येत नाही, चव नीट लागते, अन्नावर कफ-पित्ताचा लेप बसत नाही. काडी किती लांब असावी याचाही नियम आहे, आठ अंगुळांपेक्षा जास्त नाही आणि चार अंगुळांपेक्षा कमी नाही. फार लांब काडीनं काही भिक्खू सामणेरांना मारत आणि फार आखूड काडी घशात अडकते, असा अगदी व्यवहारातला विचार त्यामागे आहे. सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूनं तर आपल्या प्रवासग्रंथात दंतकाष्ठावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं, काडी चावून झाल्यावर ती चिरून जीभ कशी खरवडायची, इथपर्यंत.

आणि आता यातली तत्त्वज्ञानाची गोष्ट. दीक्षा घेताना भिक्खूला चिंतनासाठी शरीरातल्या पहिल्या पाच गोष्टी सांगतात : केस, रोम, नखं, दात आणि त्वचा. या नश्वर आहेत, यांत गुंतू नको, असा त्याचा अर्थ. म्हणजे दात नश्वर आहे हे ज्याला दीक्षेच्या दिवशी शिकवलं, त्यालाच रोज सकाळी तो दात घासायचा नियमही लावून दिला. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. एखादी वस्तू कायमची नाही हे कळणं आणि ती आहे तोवर तिची निगा राखणं, या दोन्ही गोष्टी एकाच शहाणपणाच्या आहेत. 'म्हातारपणी दात पडायचेच, मग आता कशाला जपायचे?' असं आपल्याकडे बोलतात ना, त्याला हे उत्तर आहे.

जुन्नरच्या शिलालेखांत पाण्याच्या पोढींच्या, म्हणजे टाक्यांच्या, देणग्या आहेत. करंजाच्या आणि वडाच्या झाडांशी जोडलेल्या जमिनींच्याही देणग्या आहेत. या झाडांच्या काड्या भिक्खू चावत असत, असं त्या लेखांत कुठेही लिहिलेलं नाही, आणि आपणही ते त्यांच्या तोंडी घालायचं कारण नाही. पण वाग्भटानं दात घासायला जी झाडं सांगितली त्यांत रुई, खैर, अर्जुन यांच्याबरोबर वड आणि करंजही आहेत, एवढं लक्षात ठेवा. आपल्या आजोबांनी बाभळीची आणि लिंबाची काडी चावली, ती परंपरा किती मागे जाते ते त्यावरून समजेल.

सुश्रुताकडे एक हिशेब आहे, तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. तोंडाचे एकंदर पासष्ट रोग तो मोजतो. त्यातले दातांचे आठ. आणि दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा. जवळपास दुप्पट. हिरडीतून रक्त येणं, हिरडी सुजणं, पू होणं, दात हलणं, हे सगळं त्यात वेगवेगळ्या नावांनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला दिसलं होतं की दाताचं दुखणं बहुतेक वेळा दाताच्या पायथ्याशी असतं. आज आपण मात्र हिरडीतून रक्त आलं तर चूळ भरतो आणि विसरून जातो. डोळ्यातून रोज सकाळी रक्ताचा एक थेंब आला असता तर आपण असंच विसरलो असतो का?

हिरडीवरून हिरड्याकडे येऊ. हिरडा हा शब्द हरीतकीवरून आला. हिरडीशी आम्ही त्याचं नातं जोडत नाही, पण औषधात ते नातं जुनंच आहे. हिरडा तुरट. त्रिफळ्यात तो आहे, आणि घराघरांतल्या दंतमंजनांतही. आणि हा हिरडा कुठून येतो? तुमच्या-आमच्या डोंगरातून. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची माणसं उन्हाळ्यात झाडांवर चढून बाळहिरडा उतरवतात, खळ्यावर वाळवतात, आणि विकतात. कित्येक घरांत वर्षाचा रोख पैसा तोच. २०२० च्या जून महिन्यात निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा हिरड्याची झाडं पडली, आणि भरपाईसाठी लोकांना भांडावं लागलं. शहरात कुणाच्या तरी हिरड्या घट्ट व्हाव्यात म्हणून जो हिरडा डबीत जातो, तो उतरवणाऱ्याच्या तोंडाकडे कोण बघतं, हा प्रश्न आम्ही इथे नुसता ठेवून पुढे जातो.

दात दुखायला लागला की पूर्वी काय करत? वैदू यायचा. भुईरिंगणीच्या बियांची धुरी द्यायचे, म्हणजे दातातली कीड बाहेर पडते अशी समजूत. 'दाताला कीड लागली' हा शब्दप्रयोग आपण आजही करतो. आपल्याला हसायचं कारण नाही, बाबिलोनपासून युरोपपर्यंत सगळ्या जगाचा दातात किडा असतो यावर विश्वास होता. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं आपला मोठा ग्रंथ छापला आणि आपल्याला असा किडा कधी दिसला नाही, असं त्यात सांगितलं. पण लोकांच्या समजुतीत एक अर्धं सत्य होतं. सजीव काहीतरी तिथे आहे खरं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. दातावर रोज जमणारा तो बुळबुळीत थर म्हणजे जंतूंची वसाहतच असते. साखर मिळाली की ती आम्ल तयार करते आणि दाताचं कवच विरघळतं. हिरडीच्या कडेला राहिली की हिरडी सुजते. त्याच थरावर लाळेतले क्षार बसून दगडासारखं कीटण होतं, आणि एकदा ते झालं की ब्रशनं निघत नाही.

पुढचा इतिहास मुंबईच्या वाटेनं आला. आपल्या भागातली माणसं गिरणीत गेली, गोदीत गेली. मुंबईचे डबेवाले घ्या, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर इथलीच मंडळी. सुट्टीला गावी येताना पिशवीत मंजनाची डबी यायला लागली. माकडछाप काळी पावडर ज्यांनी वापरली ते आज इथे असतील. १९३७ साली कोलगेट भारतात आलं, १९५२ साली पेंढारकरांनी विको काढली. दात घासायची वस्तू पूर्वी झाडावर मिळायची, ती आता दुकानात मिळू लागली.

पण याच काळात आमच्या आया-बहिणींच्या हातात दुसरी एक डबी होती. मिश्रीची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि बोटानं दातांना चोळायची. दात घासायचं साधन म्हणून सुरुवात होते, पुढे दिवसातून चार वेळा, मग ती नसली तर काम सुचत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं घरोघर जाऊन तपासली आणि १९७२ साली त्याचा अहवाल छापला. तो पुणे जिल्ह्याचा आहे, आपल्याच लोकांचा. पुरुषांत मिश्री जवळजवळ नाही, बायकांत मात्र सर्रास, असं त्यात दिसलं. पुढे मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू तोंडात धरणाऱ्या, आणि त्यांत बहुतेक मिश्रीवाल्याच, बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं कमी वजनाची निघाली. इनामगावची ती आई आठवा. तिच्या बाळाच्या दातावरची खूण दुष्काळाची होती. ही खूण आपण स्वतः भाजतो तव्यावर.

१९९२ साली सरकारनं टूथपेस्ट आणि टूथपावडरीत तंबाखू घालायला बंदी केली. चांगलंच झालं. पण कायदा कारखान्यात शिरतो, चुलीपाशी शिरत नाही. तिथे घरच्यांनीच बोललं पाहिजे, आणि रागावून नव्हे. ज्या बाईला दिवसभरात स्वतःसाठी बसायला तेवढीच पाच मिनिटं मिळतात, तिची डबी काढून घेण्याआधी तिला दुसरी पाच मिनिटं द्यायला हवीत.

त्यानंतर आली साखर. कुकडी प्रकल्पाची धरणं बांधली गेली : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं, हे इथे बसलेल्या काहींनी डोळ्यांनी पाहिलंय. खाली कालवे फिरले, ऊस उभा राहिला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने झाले. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, मुलं शिकली, त्याबद्दल आम्ही कुरकुर करणार नाही. पण जिथे सणाला गुळाचा खडा मिळायचा तिथे दिवसातून सहा वेळा गोड चहा व्हायला लागला. स्वीडनमध्ये विपेहोल्म इथल्या रुग्णालयात १९४० च्या दशकात मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या देऊन त्यांचे दात किडवले गेले. त्यातून जगाला कळलं की साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट खाल्ली यानं दात जास्त जातात. ज्ञान खरं आहे, पण ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांच्या दातांची किंमत देऊन ते मिळालंय. ते वापरताना एवढी आठवण ठेवावी.

आता मुकुटाकडे येऊ. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास सोन्याच्या पट्ट्यांनी दात बांधले होते. आजच्यासारखी कॅप मात्र अगदी अलीकडची. अमेरिकेत चार्ल्स लँड यानं १८८९ साली चिनी मातीच्या कॅपचं पेटंट घेतलं. १९०७ साली विल्यम टॅगर्ट यानं मेणाचा नमुना करून, त्याभोवती साचा घेऊन, मेण वितळवून त्या जागी सोनं ओतायची पद्धत दंतवैद्यकात आणली. मूर्ती ओतायची आपल्याकडची जुनी रीत हीच. जुन्नरच्या शिलालेखांत कासारांच्या श्रेणीचा उल्लेख आहे, त्या कासारांच्या वारसदारांना टॅगर्टचं काम बघून फारसं नवल वाटलं नसतं. पुढे १९६० च्या सुमारास धातूवर चिनी मातीचा थर भाजून बसवता येऊ लागला, आणि आता झिर्कोनियाच्या कॅप संगणकावर आखून यंत्रात कोरतात. आपल्याकडे दंतवैद्यकाचं शिक्षण डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात सुरू केलं, मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ सालचं, आणि डेंटिस्ट कायदा १९४८ चा. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीला दाताचा डॉक्टर ही गोष्ट जवळजवळ माहीतच नव्हती.

कॅप ही चांगली गोष्ट आहे. रूट कॅनाल केलेली दाढ ठिसूळ होते, चावताना फुटते, तिला कॅप हवीच. पण लोकांची समजूत अशी की कॅप बसली म्हणजे दात अमर झाला. तसं नाही. कॅपला कीड लागत नाही, पण कॅपची कड जिथे संपते आणि खरा दात सुरू होतो तिथे लागते. आणि ती कड हिरडीपाशीच असते. हिरडी आणि हाडाच्या मध्ये दाताला चिकटलेली सुमारे दोन मिलिमीटरची एक पट्टी असते. निसर्गानं ती जागा स्वतःसाठी राखून ठेवलीय. कॅपची कड त्या पट्टीत घुसवली की हिरडी कायम लाल, सुजलेली राहते, रक्त येतं, आणि हळूहळू हाड मागे सरतं. म्हणून जाणता डॉक्टर आधी हिरडी बरी करतो, कीटण काढतो, आणि मगच कॅपचं माप घेतो. सुजलेल्या हिरडीवर माप घेतलं तर पुढे ते चुकतंच. तुम्हाला कुणी आल्या दिवशीच कॅप बसवून देतो म्हणाला, तर एवढं जरूर विचारा : 'डॉक्टरसाहेब, आधी हिरड्या बघितल्यात का?'

हिरडीचं शास्त्र दोन अभ्यासांनी बदललं. दोन्ही हाराल्ड लो या नॉर्वेच्या संशोधकाचे. १९६५ साली त्यानं बारा जणांना, बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर सगळ्यांच्या बऱ्या झाल्या. म्हणजे सुरुवातीचा हिरडीचा रोग नशिबानं येत नाही, वयानं येत नाही, आणि पैशानं जात नाही. रोजच्या निगेनं जातो.

दुसरा अभ्यास श्रीलंकेतल्या चहामळ्यांतला. दात घासायची सवय नसलेल्या ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्या १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं तपासल्या. सुमारे आठ टक्के लोकांचा रोग झपाट्यानं वाढला, एक्याऐंशी टक्क्यांचा सावकाश, आणि अकरा टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. यातून दोन गोष्टी कळतात. 'आमच्या आजोबांनी कधी ब्रश धरला नाही, तरी नव्वदीत हरभरे फोडायचे' असं सांगणारा खोटं बोलत नाही, त्याचे आजोबा त्या अकरा टक्क्यांतले असतील. पण नातू त्यात असेलच असं नाही. आणि दुसरी गोष्ट तत्त्वज्ञानाच्या माणसाला बोचणारी आहे. पंधरा वर्षं दात जाताना मोजले गेले, ते मजुरांचे. ज्ञान कुणाच्या तोंडातून काढलं जातं आणि कुणाच्या तोंडाला लागतं, हा प्रश्न हिरड्याच्या झाडापाशी ठेवला होता, तो इथे पुन्हा आला.

आता समारोपाचं बोलतो. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' अशी आपली म्हण आहे. इतिहासात ती आपल्या तालुक्यांना नीट लागू पडली. पाणी नव्हतं, पैसा नव्हता, तेव्हा बाभळीच्या काडीवर दात टिकले. आता चणे आलेत, साखर आली, गाडी आली, आणि पन्नाशीच्या आत दाढा पडायला लागल्या. एका कॅपला काही हजार रुपये पडतात. ज्याच्याकडे आहेत तो मुकुट घालतो, ज्याच्याकडे नाहीत तो दात उपटून घेतो. दात उपटणं स्वस्त आहे म्हणून उपटला जातो, तो वाचण्यासारखा नव्हता म्हणून नाही. हा फरक आपल्या गावागावांत रोज घडतोय आणि कुठल्याच ताम्रपटावर लिहिला जात नाही.

याला उपाय मुकुटाच्या आधीचा आहे, आणि तो बराचसा फुकट आहे. दोन वेळा, त्यात रात्री झोपताना एकदा, मऊ ब्रशनं, हिरडीच्या कडेपासून घासणं. काडी हवी तर काडी, पण तिचं टोक चावून कुंचीसारखं मऊ करून. चहातली साखर कमी, आणि चहाच्या वेळा त्याहून कमी. मिश्री बंद. मधुमेह असेल तर हिरड्यांकडे दुप्पट लक्ष, कारण साखरेचा आजार हिरडी बिघडवतो आणि बिघडलेली हिरडी साखर चढवते. घासताना रक्त आलं तर तिथे घासणं सोडायचं नाही, तिथेच जास्त हळुवार आणि नीट घासायचं, आणि तरीही थांबलं नाही तर दाखवायचं. शाळेत मुलांची उंची-वजनं मोजतो तशी वर्षातून एकदा तोंडं बघावीत, अशी मागणी ग्रामपंचायतीनं केली तर त्याला फार खर्च नाही.

नाणेघाटातल्या राजांचे मुकुट गेले आणि पावलांच्या खुणा उरल्या, असं आम्ही सुरुवातीला म्हटलं. दाताचंही तसंच आहे. ज्यानं वरची शोभा धरून ठेवलीय, त्याची विचारपूस आधी करावी.  प्रश्न असतील तर विचारावेत, जमतील तेवढ्यांची उत्तरं देऊ, आणि उरलेली दातांच्या डॉक्टरांकडे पाठवू.